अणूची आकृती कशी काढावी आणि कशी वाचावी

(विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरातील भाषणाचा मजकूर)



विज्ञानाची भीती कशी घालवावी, या विषयावर आम्ही बोलावे असे संयोजकांनी सुचविले. हा विषय एका भाषणात मावणारा नाही. म्हणून त्यातील एकच लहानशी गोष्ट आम्ही आज घेतली आहे. ती म्हणजे अणूची आकृती काढणे. ही गोष्ट आठवीच्या वर्गात येते आणि तेथेच पुष्कळ मुलांची रसायनशास्त्राशी गट्टी तरी होते किंवा कायमची फारकत तरी होते. म्हणून तिच्याकडे नीट पाहिले पाहिजे, असे आम्हांला वाटते.

मुलांना शिकविताना आम्हांला एक अनुभव वारंवार येतो. सोडियमच्या अणूची आकृती काढा म्हटले की बहुतेक मुले ती सुबक काढतात. मध्ये एक गोळा, भोवती तीन वर्तुळे, वर्तुळांवर ठिपके. काहीजण तर रंगीत पेन्सिलीने रंगवितातही. मग आम्ही म्हणतो, आता फॉस्फरसची काढा. तेव्हा हात थांबतो, कारण ती आकृती पाठ केलेली नसते. सोडियमची पाठ होती, तीही अर्थ न कळता पाठ होती, हे तेव्हा लक्षात येते.

मित्रांनो, अणूची आकृती हा हिशेबाचा कागद आहे. आपल्या बीड जिल्ह्यातील माणसाला हिशेब म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाने उचल किती घेतली, किती टन ऊस तोडला, किती फिटली, हा हिशेब ज्याला मांडता येतो तो चार प्रश्न विचारू शकतो. ज्याला मांडता येत नाही, त्याला दुसऱ्याने सांगितलेला आकडा मान्य करावा लागतो. विज्ञानातही तसेच आहे. जो आकृती उतरवून घेतो, त्याने गाइडातली चूकही तशीच उतरवून घेतलेली असते. जो मोजून काढतो, त्याला गाइडातली चूक सापडते.

आधी ही आकृती आली कोठून, ते थोडक्यात पाहू. आपल्याकडे प्राचीन काळी वैशेषिक तत्त्वज्ञांनी परमाणूचा विचार केला. बौद्ध परंपरेतही, वसुबंधूंच्या अभिधर्मकोशात, परमाणूंची चर्चा आहे. तो विचार खोल होता, परंतु तो चिंतनातून आला होता. त्यामागे तराजू व मोजमाप नव्हते. त्यामुळे आजचे सगळे विज्ञान आपल्याकडे आधीच होते, असे म्हणणे योग्य होणार नाही. वजनांच्या हिशेबावर आधारलेला अणू मांडला तो इंग्लंडच्या जॉन डाल्टन यांनी. हा विणकराचा मुलगा होता. त्यांनी १८०८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निरनिराळ्या मूलद्रव्यांच्या अणूंसाठी लहान वर्तुळे काढली; एकात ठिपका, एकात रेघ, एक पूर्ण काळे, एक रिकामे. पाण्यासाठी त्यांनी हायड्रोजनचे एक आणि ऑक्सिजनचे एक वर्तुळ जोडून काढले. ते चुकीचे होते. पुढे वायूंचे आकारमान मोजले, तेव्हा दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन असा हिशेब निघाला आणि आकृती दुरुस्त झाली. आकृती कागदावर होती, म्हणूनच तिच्यातली चूक इतरांना दाखविता आली.

डाल्टन यांचा अणू अखंड होता. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी अणूहून कितीतरी हलका, ऋण प्रभाराचा कण दाखवून दिला. तोच इलेक्ट्रॉन. प्रोटॉनच्या सुमारे १८३६ व्या भागाइतके त्याचे वस्तुमान. मग प्रश्न आला की, अणू एकूण उदासीन आहे, तर धन प्रभार कोठे आहे? थॉमसन यांना वाटले, तो अणूभर पसरलेला असावा.

याची परीक्षा अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत झाली. रदरफोर्ड हे न्यूझीलंडमधील एका कष्टकरी कुटुंबातील, बारा भावंडांपैकी एक. त्यांचे सहकारी गायगर आणि मार्सडेन यांनी १९०९ साली जड धातूंच्या अतिशय पातळ पत्र्यांवर अल्फा कणांचा मारा केला. पत्रा म्हणजे आपण मिठाईवर लावतो त्या वर्खासारखा. बहुतेक कण आरपार गेले. परंतु सुमारे आठ हजारांत एखादा कण उलट फिरून आला. प्रभार पसरलेला असता, तर असे होणे शक्य नव्हते. म्हणून १९११ साली रदरफोर्ड यांनी मांडले की अणूचा धन प्रभार आणि जवळजवळ सगळे वस्तुमान मधोमध एका अतिसूक्ष्म केंद्रकात आहे. उरलेला अणू बहुतांशी पोकळ आहे.

पण फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून केंद्रकात का पडत नाही, हा हिशेब काही जुळेना. १९१३ साली डेन्मार्कच्या नील्स बोहर यांनी सांगितले की इलेक्ट्रॉनला ठराविक कक्षांतच राहता येते आणि एका कक्षेतून दुसरीत जाताना तो ठराविक ऊर्जा घेतो किंवा देतो. हायड्रोजनच्या प्रकाशातील रंगांच्या रेषा या मांडणीने बरोबर मिळाल्या. आपल्या वहीतील वर्तुळे आली ती येथून. तरीही एक हिशेब बाकी होता. सोडियममध्ये प्रोटॉन ११, मग वस्तुमान २३ कसे? उरलेले १२ कोणाचे? १९३२ साली जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला आणि तोही हिशेब जुळला.

म्हणजे पाहा, दर वेळी काय झाले? हिशेब जुळेना, म्हणून आकृती बदलली. कोणी थोर माणसाने सांगितले म्हणून ती टिकली नाही.

आता आकृती काढू. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कंपास पेटी नसली तरी चालते. आईची बांगडी, एक वाटी आणि एक ताटली घेतली की तीन वर्तुळे होतात. इलेक्ट्रॉन म्हणून ज्वारीचे दाणे घ्यावेत. अंगणात रांगोळीने किंवा राखेने वर्तुळे काढून दाणे मांडले, तर पाटीवर पुसण्याचेही काम नाही. दाणा उचलून दुसऱ्या जागी ठेवला की झाले. हा खेळ ऊसतोडीच्या कोपीसमोरही मांडता येतो.

तीन बेरजा-वजाबाक्या लक्षात ठेवा. पहिली : अणुअंक म्हणजे प्रोटॉनची संख्या, आणि अणू उदासीन असल्यामुळे तितकेच इलेक्ट्रॉन. दुसरी : अणुवस्तुमानांकातून अणुअंक वजा केला की न्यूट्रॉन. तिसरी : पहिल्या कक्षेत जास्तीत जास्त २, दुसऱ्या कक्षेत ८, तिसऱ्या कक्षेत १८, परंतु जी कक्षा सर्वांत बाहेरची आहे तिच्यात आठाहून अधिक कधीच नाहीत. या कक्षांना के, एल, एम, एन अशी नावे आहेत. ए पासून का नाहीत, असे मुले विचारतात. चार्ल्स बार्कला या शास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या दोन प्रकारांना के आणि एल ही अक्षरे दिली. त्यांच्या आधीचे प्रकार पुढे सापडले तर अक्षरे शिल्लक असावीत म्हणून त्याने मधूनच सुरुवात केली. आधीचे काही सापडले नाही आणि नावे तशीच राहिली.

आता सोडियम घ्या. अणुअंक ११, वस्तुमानांक २३. मधल्या गोळ्यात लिहा : प्रोटॉन ११, न्यूट्रॉन १२. अकरा दाणे हातात घ्या. बांगडीच्या वर्तुळावर २, वाटीच्या वर्तुळावर ८, उरला १, तो ताटलीच्या वर्तुळावर. आता फॉस्फरस. अणुअंक १५, वस्तुमानांक ३१. प्रोटॉन १५, न्यूट्रॉन १६. दाणे २, ८ आणि ५. झाली फॉस्फरसची आकृती. कोठेही पाठ करावी लागली नाही. दाणे ठेवताना बाहेरच्या वर्तुळाच्या चार बाजूंना आधी एकेक ठेवा, मग जोडी करा. म्हणजे किती दाणे एकटे राहिले ते एका नजरेत दिसते आणि बंध समजायला सोपे जाते.

येथे मुलांच्या काही ठरलेल्या चुका होतात, त्या सांगतो. पहिली चूक पोटॅशियममध्ये होते. अणुअंक १९. तिसऱ्या कक्षेत १८ मावतात हे पाठ असते, म्हणून मुले २, ८, ९ लिहितात. परंतु तिसरी कक्षा त्या वेळी बाहेरची आहे, तिच्यात आठच राहतील. एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्या कक्षेत जातो, कारण तेथे त्याला कमी ऊर्जा लागते. म्हणून २, ८, ८, १. कॅल्शियम, जो आपल्या हाडांत आहे आणि पानाच्या चुन्यातही आहे, तो २, ८, ८, २.

दुसरी चूक क्लोरीनमध्ये होते. पुस्तकात क्लोरीनचे अणुवस्तुमान ३५.५ दिलेले असते. मुले त्यातून १७ वजा करतात आणि साडेअठरा न्यूट्रॉन लिहितात. अर्धा न्यूट्रॉन असू शकेल काय? नसतो. निसर्गात क्लोरीनचे दोन प्रकारचे अणू आहेत. सुमारे तीन-चतुर्थांश अणू ३५ वस्तुमानाचे, त्यांत १८ न्यूट्रॉन. उरलेले ३७ चे, त्यांत २० न्यूट्रॉन. दोहोंची सरासरी साडेपस्तीसच्या जवळ येते. आकृती सरासरीची काढता येत नाही, एका अणूचीच काढावी लागते. जो मोजतो त्याला हा प्रश्न पडतो; जो उतरवतो त्याला पडत नाही.

तिसरी चूक मिठात होते. सोडियमच्या बाहेर १ दाणा, क्लोरीनच्या बाहेर ७. सोडियमचा दाणा उचला आणि क्लोरीनच्या वर्तुळावर ठेवा. आता सोडियमकडे २, ८ आणि क्लोरीनकडे २, ८, ८. दोघेही स्थिर झाले. पण मुले दाणा हलवतात आणि प्रभार लिहायला विसरतात. केंद्रकाला कोणी हात लावलेला नाही, तेथे प्रोटॉन ११ च आहेत. इलेक्ट्रॉन मात्र १० उरले. म्हणून सोडियमवर एक धन प्रभार. क्लोरीनकडे प्रोटॉन १७ आणि इलेक्ट्रॉन १८, म्हणून एक ऋण प्रभार. जमा आणि खर्च दोन्ही मांडले की उत्तर आपोआप निघते. सोडियम धातू पाण्यात टाकला तर जोराने प्रक्रिया होते आणि पेट घेण्याचा धोका असतो. क्लोरीन हा विषारी वायू. एका इलेक्ट्रॉनची जागा बदलली आणि दोघांपासून भाकरीच्या पिठातले मीठ झाले. चुलीच्या ज्वाळेत मिठाचे पाणी उडाले की ज्योत पिवळी होते, हे आपल्या माता-भगिनींनी पाहिलेच असेल. सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन ऊर्जा घेऊन वर चढतो आणि परत येताना तो पिवळा प्रकाश देतो.

आता आपल्या जिल्ह्याच्या घामाशी जोडलेली एक वस्तू घेऊ. साखर. तिच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. कार्बनची आकृती २, ४. ऑक्सिजनची २, ६. हायड्रोजनचा एकच दाणा. आता एकूण इलेक्ट्रॉन किती? कार्बनचे बारा सक ७२, हायड्रोजनचे २२, ऑक्सिजनचे अकरा आठे ८८. बेरीज १८२. साखरेच्या एका रेणूत १८२ इलेक्ट्रॉन. कार्बनला चार हात, ऑक्सिजनला दोन, हायड्रोजनला एक, हे आकृतीतल्या एकट्या दाण्यांवरून कळते. यालाच संयुजा म्हणतात. आणि हा कार्बन उसाने आणला कोठून? हवेतील कार्बन डायऑक्साइडमधून. मोळीचे जे वजन डोक्यावर येते, त्यातले पुष्कळसे पाणी असते आणि उरलेल्यातला कार्बन हवेतून आलेला असतो. तोच कार्बन कोळशाच्या रूपाने परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रात जळतो, तेव्हा पुन्हा ऑक्सिजनशी जोडला जातो आणि त्या उष्णतेची वीज होते.

येथवर आकृतीचे गुण सांगितले. परंतु ती कोठे अपुरी पडते, हेही विद्यार्थ्याला ठाऊक असले पाहिजे.

एक तर तिचे माप खरे नाही. अणूचा व्यास केंद्रकाच्या व्यासाच्या साधारण दहा हजार ते एक लाख पट असतो. केंद्रक म्हणून चार मिलिमीटरचा ज्वारीचा दाणा चावडीसमोर ठेवला, तर अणूच्या वर्तुळाचा व्यास ४० पासून ४०० मीटरपर्यंत भरेल. लहानसे गाव त्यात मावेल. वहीच्या पानावर असे माप घेता येत नाही, म्हणून आपण गोळा मोठा काढतो. ती सोय आहे, हे लक्षात ठेवावे.

दुसरे, इलेक्ट्रॉन घाण्याच्या बैलासारखा एका ठरलेल्या वाटेने फिरत नाही. १९२६ साली श्रोडिंजर यांनी मांडलेल्या समीकरणानंतर शास्त्रज्ञ असे मानतात की इलेक्ट्रॉन कोठे सापडण्याची शक्यता किती, एवढेच सांगता येते. वर्तुळाऐवजी दाट-विरळ धुक्यासारखा प्रदेश कल्पावा लागतो. वहीतील वर्तुळ म्हणजे ऊर्जेची पायरी, असे समजावे.

तिसरे, आपला साधा नियम अणुअंक २० पर्यंतच चालतो. एकविसाव्या स्कँडियमपासून इलेक्ट्रॉन पुन्हा आतल्या तिसऱ्या कक्षेत भरू लागतात. तेथे मांडणी २, ८, ९, २ होते. कोयत्याचे पाते ज्या लोखंडाचे असते, त्याचा अणुअंक २६ आणि मांडणी २, ८, १४, २. ती आपल्या तीन नियमांवरून काढता येत नाही. ती का येते, हे अकरावी-बारावीला शिकविले जाते. म्हणून दहावीनंतर विज्ञान सोडू नका, असे आम्ही सांगतो. कोयत्याच्या पात्यातील अणू समजून घ्यायला आणखी दोन वर्षांचे शिक्षण लागते.

मित्रांनो, आमची मुले मठ्ठ आहेत, त्यांना विज्ञान झेपत नाही, असे म्हणणारे लोक आजही भेटतात. याचे उत्तर पूर्वीच दिले गेले आहे. मुंबईत १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९८० च्या दशकात प्रा. व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली महानगरपालिकेच्या शाळांतील मागासवर्गीय विद्यार्थ्यांसोबत काम केले. मुले हुशार आहेत. पाठांतराची सवय आणि पुस्तकातील अवघड भाषा आड येते, हे त्या कामातून पुढे आले. भाषा सोपी केली आणि प्रश्न विचारू दिले की मुले पुढे जातात. डॉ. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. मराठवाड्यातल्या गरिबाच्या मुलाला उच्च शिक्षणाची वाट त्यामुळे जवळ आली. ती वाट चालायची तर आठवीतच पाय अडखळता कामा नये.

अडचण कोणती आहे, ते आपण सारे जाणतो. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. जे मूल आई-वडिलांबरोबर जाते, त्याचे वर्षाचे निम्मे धडे बुडतात. अणूचा धडा बुडाला की संयुजा कळत नाही, संयुजा कळली नाही की समीकरणे कळत नाहीत, आणि मूल म्हणते, मला विज्ञान नको. मुलींच्या बाबतीत तर पुढचे पाऊल बहुधा लग्नाचेच पडते. एका बुडालेल्या धड्याची किंमत इतकी मोठी असते.

म्हणून आमची पालकांना विनंती आहे. जेथे हंगामी वसतिगृहाची सोय आहे तेथे मुलामुलींना मागे ठेवा. सोबत न्यावेच लागले, तर वही आणि पहिल्या वीस मूलद्रव्यांचा तक्ता सामानात अवश्य बांधा. मोठ्या विद्यार्थ्यांना विनंती अशी की हंगाम संपून परत आलेल्या एका मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि दाणे मांडून हायड्रोजनपासून कॅल्शियमपर्यंतच्या वीस आकृत्या मोजून काढायला लावा. दोन संध्याकाळी पुरतात. तुम्ही उत्तर सांगू नका. फक्त विचारा, किती दाणे होते, किती ठेवले, किती उरले? त्याचे उत्तर चुकले, तर त्यालाच पुन्हा मोजू द्या.

एवढे केले तर परीक्षेत गुण मिळतीलच. त्याहून मोठी गोष्ट अशी की, सांगितलेला आकडा स्वतः पडताळून पाहण्याची सवय त्या मुलाला लागेल. ती सवय अणूपुरती राहत नाही. ती पुढे मजुरीच्या हिशेबात, दुकानाच्या बिलात आणि कोणीही ठामपणे सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीत कामी येते.